तिसऱ्या चौकोनावर अडलेला थेंब

“पुन्हा धू,” सर म्हणाले.

मी पुन्हा नळ सोडला.

आमच्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात बेसिन आहे. तिथं मी उभी. पाठीमागं आठ माणसं. पाच पाहुणे, दोन विद्यार्थी आणि सर. साबण झिजून चपटा झालेला. तो हातातून सटकला, बेसिनमध्ये गरगरला. मी वाकून तो धरायला गेले तेव्हा मागं कोणीतरी हसलं. मोठ्यानं नाही. नाकातून.

मी हात धुतले. पुसले. वळले.

“हुंगून बघ,” सर म्हणाले. “गेला का वास?”

मी हात नाकाशी नेले. आज हे लिहिताना लाज वाटते ती याची की मी नेले. कोणी माझा हात धरून नेला नाही. मी स्वतः नेला. साबणाचा वास येत होता. मी म्हणाले, “गेला सर.”

“आता प्लेटला हात लावू नकोस. लांब उभी राहा.”

मी दाराजवळ जाऊन उभी राहिले. त्या वेळी मी एकोणतीस वर्षांची होते. त्या खोलीतली प्रत्येक पट्टी माझ्या हातानं बनलेली होती.

कॉलेजचं नाव लिहीत नाही. सांगली जिल्ह्यातलं एक खाजगी इंजिनिअरिंग कॉलेज, एवढं पुरे. मी तिथं टेक्निशियन होते, कंत्राटावर. सर प्राध्यापक. बागायती घर, नदीकाठचा ऊस, धाकटा भाऊ फौजेत मोठ्या हुद्द्यावर. सर हुशार होते. ते खोटं सांगणार नाही. त्यांनी बाहेरच्या देशात शिकून हे काम इकडं आणलं होतं.

काम काय होतं ते सांगते. काचेची एक पट्टी. तिच्यावर तांब्याचे चौकोन, नखाएवढे, एकापुढं एक आठ. त्यावर एक पातळ पापुद्रा आणि त्यावर पाणी धरून न ठेवणारा लेप. आळूच्या पानासारखा. पट्टीवर एक थेंब ठेवायचा. पुढच्या चौकोनाला वीज दिली की थेंब त्याच्याकडं ओढला जातो. मग त्याच्या पुढच्या चौकोनाला द्यायची. थेंब चालत जातो. पंप नाही, नळी नाही, काही हलत नाही. फक्त थेंब हलतो.

थेंबात लोखंडी कण सोडायचे, डोळ्याला नुसता तपकिरी गढूळपणा दिसेल इतके बारीक. रक्तातली रोगाची खूण त्या कणांना चिकटते. पट्टीच्या खाली लोहचुंबक आणलं की कण जागेवर थांबतात, आणि पुढच्या चौकोनाला वीज दिली की पाणी त्यांना सोडून पुढं निघून जातं. नको ते पाण्याबरोबर जातं. पाहिजे ते मागं राहतं. मग रंगाचा थेंब आणायचा. रंग बदलला तर जनावराला रोग आहे.

कोणता रोग? मेंढ्या गाभडण्याचा. गाभण मेंढी दिवस भरायच्या आधी टाकते. एकीमागं एक टाकत जाते. हा रोग माणसालाही होतो, महिनोन्‌महिने ताप येतो. आम्ही धनगर. माण तालुक्यातले, म्हसवडच्या पुढचे. हा रोग मला पुस्तकातून कळलेला नव्हता. माझ्या आबांना, म्हणजे वडिलांना, तो ताप येऊन गेलेला आहे. मी कंत्राटाच्या मुलाखतीला आले तेव्हा सरांना हे सांगितलं होतं. विश्वासानं सांगितलं होतं.

त्या दिवशी निधी देणाऱ्या समितीचे लोक काम बघायला आले होते. तोवर आम्ही सगळं पाण्याच्या थेंबावर करत होतो. पाण्याचा थेंब आठही चौकोन सरसर जायचा. पाहुण्यांत एक वयस्कर डॉक्टरबाई होत्या, जनावरांच्या. त्या म्हणाल्या, “पाणी झालं. आता सीरम चालवून दाखवा.”

सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहतं ते पिवळसर पाणी. सरांनी होय म्हटलं. थेंब ठेवला. पहिला चौकोन गेला. दुसरा गेला. तिसऱ्यावर अडला.

सरांनी व्होल्ट वाढवले. थेंब थरथरला, पण जागचा हलला नाही. आणखी वाढवले. थेंबात बुडबुडे आले आणि लेप जळून काळा डाग पडला.

सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

“कोटिंग कोणी केलं?”

“मी, सर.”

“ग्लोव्हज?”

“घातले होते सर.”

सर पाहुण्यांकडं वळले. हसले. आता त्यांना वाट सापडली होती.

“ही आमची टेक्निशियन. मेंढपाळाची मुलगी. यांच्या हातात लोकरीचं तूप असतं हो, सात पिढ्यांचं मुरलेलं. ग्लोव्हजमधूनसुद्धा उतरतं.”

पाहुणे हसले. सगळे नाही. पण हसले. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. बोलल्याही नाहीत.

“जा, हात धुऊन ये,” सर म्हणाले.

तीन वेळा धुवायला लावले.

एक गोष्ट तेव्हा मला आठवायला हवी होती, ती आठवली नाही. सरांच्या घरच्या रानात दरसाल मेंढरं बसवतात. ऊस तुटून गेला की आमच्यासारख्यांचा कळप रानात मुक्कामाला बोलावतात, लेंड्यामुताचं खत पडावं म्हणून. खत चालतं.

दुसऱ्या दिवसापासून तो नियम झाला. पट्ट्यांना हात लावण्याआधी मी बेसिनवर जायचं आणि सरांच्या देखत हात धुवायचे. सर नसले तर विद्यार्थ्यांच्या देखत. दोघं विद्यार्थी होते. एक मुलगा, तो वर्षाअखेरीस सोडून गेला. दुसरी मृणाल, सरांकडं पीएचडी करणारी. मुलगा मला चिडवायचा. “ताई, तूप काढलं का?” मृणाल चिडवायची नाही. ती तेवढ्यापुरती मोबाईलमध्ये बघायची.

मला सगळ्यात जास्त कशाचा राग यायला हवा होता आणि आला नाही, ते सांगते. मला सर खरं बोलताहेत असं वाटलं. मी डिप्लोमा केलेली बाई, इलेक्ट्रॉनिक्सची. पण मला वाटलं, असेल. लोकरीला चिकटा असतो हे मला ठाऊक होतं. लहानपणी मेंढरांच्या अंगाला हात लावला की बोटं मऊ पडायची. असेल तसलं काही कातडीत मुरलेलं. मी दोन-दोन ग्लोव्हज घालायला लागले. खोलीवर भांडी घासायची पावडर घेऊन हात घासायला लागले. थंडी पडली तशी बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. मिठाला हात लागला की डोळ्यांत पाणी यायचं.

माझी खोली गावाच्या टोकाला होती. खाली ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारं दुकान, वर मी. एक खाट, एक गॅस, एक खिडकी. खिडकीतून ऊस दिसायचा. दुसरं काही नाही, नुसता ऊस. मी कामावरून यायचे, भात टाकायचे, खाटेवर बसून जेवायचे. कितीतरी रविवार असे गेले की शनिवारी संध्याकाळी दुकानदाराला “येते” म्हटलं, त्यानंतर सोमवारपर्यंत तोंडातून शब्द निघाला नाही. एकदा गाणं म्हणून बघितलं. स्वतःच्या आवाजाला दचकले.

एकटं राहायची मला सवय होती. आईआबा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पश्चिमेला निघायचे, कोरेगावाकडून पुढं, ते पावसाच्या तोंडावर परतायचे. मी आश्रमशाळेत. वर्षातले सात महिने मी आईबापाविना वाढले. पण तेव्हा त्यांची वाट बघत होते. वाट बघणं म्हणजे पुरतं एकटं असणं नव्हे. आता मी कोणाची वाट बघत नव्हते.

दिवाळीला घरी गेले. वाघरीत, म्हणजे मेंढरांभोवती लावतात त्या जाळ्यात, एक कोकरू आदल्या रात्रीच जन्मलेलं. आईनं ते उचललं आणि माझ्यापुढं केलं. दर वेळी करते. मी आले की पहिलं काही असलं तर कोकरू.

मी हात मागं घेतले.

“का गं?” आई म्हणाली.

“कपडे नवे हायेत.”

आईनं माझ्या कपड्यांकडं बघितलं. नवे नव्हते. कोकरू तिनं खाली सोडलं. ते पडलं, उठलं, आणि आईच्या लुगड्यात तोंड घालून उभं राहिलं.

दोन दिवस राहणार होते. दुसऱ्या सकाळीच निघाले.

पौषात कॉलेजच्या रस्त्यावर, तोडणी झालेल्या एका रानात धनगरांचा वाडा उतरला. वाडा म्हणजे आमच्या लोकांचा फिरता मुक्काम. घोडी, बिऱ्हाड, कुत्री, मेंढरं. अनोळखी लोक होते. मी चार दिवस तोंडाला स्कार्फ गुंडाळून त्यांच्यापुढनं गेले, कोणी ओळखेल या भीतीनं. ओळखणारं कोण होतं तिथं? कोणी नाही.

पाचव्या दिवशी रविवार होता. मी रानात उतरले. एक म्हातारी चुलीपुढं बसली होती.

“आवं मावशी, मूठभर लोकर मिळंल का? न धुतलेली.”

तिनं माझ्याकडं वर-खाली बघितलं. माझं बोलणं तिनं ओळखलं असणार. “कुठल्या गावची गं तू?”

मी सांगितलं.

“कशाला पायजे?”

काय सांगणार. म्हणाले, “हात तपासायचे हायेत.”

तिनं माझा हात धरला आणि उलटा केला. भेगा बघितल्या. मग मागच्या पोत्यातनं लोकर काढली आणि माझ्या तळव्यावर ठेवून स्वतःच चोळली. “ही चोळत जा. भरून येतंय. आमच्या हाताला कवा भेग बगितलीस?” तिचे हात काळे होते, नखं फुटलेली, पण कातडी खरंच तुकतुकीत होती. किती महिन्यांनी कोणीतरी माझ्या हाताला हात लावला होता. मी तिथं बसले असते तर रडले असते, म्हणून बसले नाही.

प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडं असायची. मी सरळ तिकडं गेले. बारा पट्ट्या मी आठवडाभर आधी करून ठेवल्या होत्या, सगळ्या एकाच दिवशी, एकाच लेपाच्या. त्यांतल्या चार पट्ट्या मी दोन ग्लोव्हज घालून हाताळल्या. चार, साबणानं धुतलेल्या उघड्या हातानं. आणि राहिलेल्या चार पट्ट्यांच्या लेपावरून लोकर चोळलेला अंगठा मुद्दाम फिरवला.

आधी पाणी. बाराही पट्ट्यांवर थेंब शेवटपर्यंत गेला. लोकरीच्या एका पट्टीवर जरा सावकाश गेला, पण गेला.

मग सीरम. ग्लोव्हजच्या पट्टीवर तिसऱ्या चौकोनावर अडलं. उघड्या हाताच्या पट्टीवर तिसऱ्यावर. लोकरीच्या पट्टीवर तिसऱ्यावर. पुढची पट्टी. चौथ्यावर. पुढची. तिसऱ्यावर. बारा पट्ट्या. बाराही अडल्या.

मी स्टुलावर बसले.

सीरममध्ये प्रथिनं असतात. ती लेपाला चिकटतात. चिकटली की लेप निसरडा राहत नाही, आणि थेंब बसतो. कोणाच्याही हाताची पट्टी असो. प्राध्यापकाच्या, मंत्र्याच्या, धनगराच्या. हे काही मी शोधलेलं नाही. जगात हे काम करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. शोधनिबंधात लिहिलेलं आहे. प्रयोगशाळेच्या कपाटातच ते निबंध होते. मी त्यानंतरचे तीन रविवार ते वाचले, डिक्शनरी शेजारी घेऊन. त्यात उपायही होता. लेपावर सिलिकॉन तेलाचा अगदी पातळ थर द्यायचा. थेंब लेपाला टेकतच नाही, तेलावरून जातो.

तेल दिलं. सीरमचा थेंब एकापाठोपाठ आठही चौकोन गेला. मी तो परत आणला. परत पाठवला. लोकरीच्या अंगठ्याच्या पट्टीवरही गेला. चुंबक लावलं, कण थांबले, पाणी पुढं गेलं. खोलीत मी एकटी. सांगायला कोणी नाही. मी रजिस्टर उघडलं आणि सगळं लिहिलं. कोणती पट्टी, कसला हात, कितव्या चौकोनावर अडलं, तेलानंतर काय झालं. लोकर हा शब्दसुद्धा लिहिला. भराभर लिहिलं, म्हणून अक्षर वाईट आलं. ते पान पुन्हा लिहिलं नाही.

सोमवारी रजिस्टर सरांपुढं ठेवलं. त्यांनी उभ्या-उभ्या वाचलं. पान उलटलं, मागं आले, परत वाचलं. मी समोर होते. त्यांच्या तोंडाकडं बघत होते. मला काय हवं होतं? सॉरी? नाही, एवढी भोळी मी नव्हते. नुसतं वर बघावं, एवढंच.

सरांनी खिशातलं पेन काढलं, पानाखाली सही केली. “तेलाचं चांगलं आहे,” म्हणाले. “मृणालला सांग, सगळ्या प्लेट्सना करू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्ट्यांचा डबा काढायला गेले. सर टेबलाशी बसले होते. मान वर न करता म्हणाले,

“हात धुतलेस?”

तेव्हा मला कळलं.

इतके दिवस मला वाटत होतं, त्यांना खरं कळलं की हे थांबेल. त्यांना खरं कळलं होतं. सही केली होती. तरी थांबलं नाही. म्हणजे माझ्या हाताचा यात कधी संबंधच नव्हता. मी बेसिनवर जाते, वाकते, धुते, हे त्यांना रोज बघायचं होतं. त्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नव्हता.

मी त्या दिवशीही धुतले. खोटं कशाला सांगू. कळणं आणि करणं यांत माझे सतरा दिवस गेले.

त्या सतरा दिवसांत एकदा मी आबांना फोन लावला. ते कोरेगावच्या अलीकडं कुठंतरी होते, कधी नव्हे ती रेंज लागली. पहिल्यांदा मी सगळं सांगितलं. बेसिन, हसणं, हुंगणं. मागनं मेंढरांचा आवाज येत होता. आबा ऐकत होते. मग म्हणाले,

“हात धुवायला काय जातंय, पोरी? धू. नोकरी हाय.”

मला आबांचा राग आला नाही. रानाच्या मालकानं हाकललं की आबा डोक्याचं मुंडासं काढून हात जोडतात. मी ते बघत वाढले आहे. त्यांना जगायची तेवढीच रीत माहीत. पण त्या क्षणी मला वाटलं, आता माझ्या बाजूला कोणीही उरलेलं नाही.

मग फोनवर आई आली. ती बाजूला बसून ऐकत असणार.

“दिवाळीला कोकरू घेतलं न्हाईस हातात. त्ये ह्येच्यामुळं व्हय?”

“व्हय.”

रेंज गेली असं वाटलं.

“मग नको धुऊस,” आई म्हणाली. आणि फोन ठेवला.

उन्हाळ्याच्या तोंडावर समिती पुन्हा आली. तेच पाचजण, डॉक्टरबाईसुद्धा. टेबलावर पट्ट्या मांडून झाल्या होत्या. मी तेल दिलेल्या, मी केलेल्या. मृणाल लॅपटॉपपाशी. सर खुशीत होते. पाहुण्यांना म्हणाले, “मागच्या वेळी जरा गंमत झाली होती. आता आम्ही शिस्त लावली आहे.” आणि माझ्याकडं बघून बेसिनकडं मान हलवली.

“जा. हात धुऊन ये.”

मी जागची हलले नाही.

“न्हाई सर.”

कॉलेजात मी ‘नाही’ म्हणायचे. घासून-घासून शिकलेलं ‘नाही’. त्या दिवशी तोंडातून ‘न्हाई’ आलं. मी ते सुधारलं नाही.

“काय?”

“मी हात धुणार न्हाई. थेंब माज्या हातानं अडला नव्हता. तुमाला ठावं हाय.”

सर हसायला गेले. “पाहुणे आहेत. नंतर बोलू.”

“मागच्या बारीला बी पाहुणे हुते.”

मी रजिस्टर उघडलं. पान आधी शोधून ठेवलं नव्हतं, त्यामुळं वेळ लागला. तेवढा वेळ खोलीत फक्त पानांचा आवाज. मग मी वाचलं. ग्लोव्हज घातलेल्या चार पट्ट्या, अडल्या. उघड्या हाताच्या चार, अडल्या. लोकर चोळलेल्या चार, अडल्या. तेलानंतर सगळ्या चालल्या. वाचून झाल्यावर रजिस्टर टेबलावर पाहुण्यांकडं फिरवून ठेवलं.

“खाली सरांची सही हाय,” मी म्हणाले.

मग ग्लोव्हज न घालता पट्टी उचलली, साच्यात बसवली, सीरमचा थेंब ठेवला. बटणं दाबली. थेंब पहिल्यावर, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. चौथ्यावर. मी कोणाकडंही बघितलं नाही. चुंबक सरकवलं. कण थांबले. पाणी गेलं. रंगाचा थेंब आणला. रंग बदलला. नमुना रोगी मेंढीचाच होता, बदलायलाच हवा होता. काम अर्धं टाकून मला जायचं नव्हतं. बिघडवलं असं कोणाला म्हणू द्यायचं नव्हतं.

डॉक्टरबाई त्यांच्या वहीत काहीतरी लिहीत होत्या. काय लिहिलं ते मला आजवर कळलेलं नाही. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक पाहुणे घड्याळ बघून म्हणाले, “जेवायला जायचं ना?” सगळे गेले. मृणाल लॅपटॉप बंद करून त्यांच्यामागं गेली. मी पट्ट्या डब्यात भरल्या. टेबल पुसलं.

दोन दिवसांनी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज मऊ होता.

“मी गंमत करत होतो गं. एवढं काय मनावर घ्यायचं? दोन ओळी लिहून दे. पाहुण्यांसमोर बेशिस्त झाली, माफ करा. तुझं कंत्राट मी पुढं चालू ठेवतो.”

समोर कोरा कागद ठेवला. त्यावर पेन.

मी खुर्ची ओढून बसले. त्या केबिनमध्ये मी त्याआधी कधी बसले नव्हते. कागद घेतला आणि लिहिलं. प्राचार्यांना. पहिल्या दिवसापासून. ‘हुंगून बघ’ हे शब्द जसेच्या तसे. कोण हजर होतं त्यांची नावं. रजिस्टरच्या पानाचा नंबर. दीड तास लागला. सर मधे दोनदा उठून बाहेर जाऊन आले. लिहून झाल्यावर मी कागद त्यांना दिला नाही. ऑफिसात नेऊन दिला, झेरॉक्सवर शिक्का मारून घेतला.

महिनाअखेर कंत्राट संपलं. पुढं वाढवलं नाही. कारण लिहिलं होतं, आवश्यकता नाही.

जाताना जिन्यात मृणाल भेटली. ती कठड्याला टेकून उभी होती, माझी वाट बघत.

“ताई, त्या नावांमध्ये माझं नाव आहे म्हणे.”

“तू होतीस तिथं.”

“माझी पीएचडी आहे ताई. दोन वर्षं राहिलीत. मी म्हणू शकणार नाही की मी ऐकलं.”

“मग काय म्हणशील?”

ती रडायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही. ठेवायला हवा होता का, याचा विचार मी अजून करते. पण तिचं नाव मी काढलं नाही. ती तिथं होती.

आता मी सांगलीत राहते. रक्त तपासायच्या मशीन दुरुस्त करते. आष्टा, शिराळा, जिथनं बोलावणं येईल तिथं एसटीनं जाते. हातात स्क्रूड्रायव्हर, पाठीवर बॅग. लोक चांगले वागतात, वाईटही वागतात. संध्याकाळी खोलीवर आले की अजूनही बोलायला कोणी नाही. खोटा धीर देत नाही, एकटेपणा कमी झालेला नाही. उलट वाढला आहे. आबा म्हणतात, “परत ये, मेंढरं हायेत.” मी परत जाणार नाही. ज्या कामातनं मला काढलं ते काम मला येतं. टेबलावर माझ्या स्वतःच्या पट्ट्या आहेत. तांबं मी घरीच कोरते. लेप अजून नीट बसत नाही. बसेल.

तक्रारीवर चौकशी समिती नेमली आहे. तीन माणसं. मला दोनदा बोलावलं. पहिल्या वेळी सर आले नाहीत. दुसऱ्या वेळी रजिस्टर सापडत नाही असं सांगितलं. माझ्याकडं त्या पानाचा फोटो आहे, तो मी दिला. फोटो चालतो का ते बघावं लागेल, म्हणाले.

निघताना समितीच्या अध्यक्षांनी चष्मा काढला आणि सबुरीनं विचारलं, “बाई, तुमच्या बाजूनं साक्ष द्यायला कोणी आहे का?”

“न्हाई.”

“मग हे कशाला ताणताय? तुम्हालाच त्रास. दर वेळी यायचं, बसायचं.”

“कोणी न्हाई, असं लिवा,” मी म्हणाले. “आन् पुढची तारीख द्या.”

ते लिहिनात. मी उठले नाही. बाहेर शिपाई दार धरून उभा होता, त्यानं दोनदा आत डोकावून बघितलं. मी बसून राहिले, ते तारीख लिहीपर्यंत.